सांत्वनाची किंमत : मराठी ख्रिस्ती प्रार्थनासाहित्याचा एक विचार

१

जबलपूरहून नागपूरकडे येणारा रस्ता तिलवारा घाटापाशी नर्मदा ओलांडतो. मकरसंक्रांतीला येथे जत्रा भरते. एरवीच्या दिवसांत स्नानासाठी येणाऱ्यांबरोबर आप्तांच्या अस्थी घेऊन येणारी माणसेही पायऱ्या उतरताना दिसतात. १९३९ साली त्रिपुरी काँग्रेसच्या निमित्ताने हा परिसर देशभर माहीत झाला आणि १९४८ साली महात्मा गांधींच्या अस्थींचा काही भाग येथेच नर्मदेत विसर्जित करण्यात आला. ज्या पुरुषाच्या प्रार्थनासभेत गीतेच्या श्लोकांबरोबर कुराणातील आयती आणि ख्रिस्ती भजने म्हटली जात, त्याच्या अस्थी नर्मदेने स्वीकाराव्यात यात एक औचित्य आहे. दुःखाने मूक झालेला माणूस बोलू लागतो तेव्हा तो कोणत्या भाषेत आणि कोणाला उद्देशून बोलतो, हा प्रश्न अशा घाटावर ज्या स्वरूपात उभा राहतो, त्याच स्वरूपात तो साहित्यातही उभा राहतो.

मराठीतील ख्रिस्ती प्रार्थनासाहित्याचा या भूभागाशी असलेला संबंध सहसा लक्षात घेतला जात नाही. १८९६-९७ च्या दुष्काळाने जबलपूरसह जुना मध्य प्रांत होरपळून निघाला. १८९१ ते १९०१ या दशकात जबलपूर जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. त्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तेथील निराधार मुलींना महाराष्ट्रात घेऊन आल्या. त्याआधी काही वर्षे याच प्रांतात नागपूरहून राजनांदगाव संस्थानाकडे जाणाऱ्या आगगाडीत नारायण वामन टिळकांच्या हाती एका युरोपीय सहप्रवाशाने 'नवा करार' ठेवला होता. नगर, केडगाव, नाशिक ही या साहित्याची परिचित ठिकाणे असली, तरी त्यातील दोन निर्णायक प्रसंग मध्य प्रांताच्या भूमीवर घडले आहेत.

मराठी समीक्षेने या साहित्याची दखल प्रामुख्याने दोन प्रकारे घेतली. एका बाजूला टिळकांना वारकरी परंपरेचे ख्रिस्ती वारस ठरवून त्यांच्या अभंगांचा गौरव झाला, तर दुसऱ्या बाजूला हे सारे चर्चच्या उपासनेपुरते लेखन मानून बाजूला ठेवण्यात आले. दोन्ही भूमिकांत एक प्रश्न अनुत्तरित राहिला. संकटकाळी प्रार्थनेने सांत्वन मिळाले, असे हे लेखक एकमुखाने सांगतात. ते सांत्वन कोणाला मिळाले, त्यासाठी कोणाला काय सोसावे लागले आणि त्याची खूण भाषेत कोठे उमटली, याचा शोध घेतल्याखेरीज या साहित्याचे मूल्यमापन पुरे होत नाही. भक्ताच्या अनुभवाचा खरेखोटेपणा ठरवणे हे समीक्षेचे काम नव्हे. त्या अनुभवाने दुःखाला शब्दांत किती जागा दिली, हे मात्र तिला पाहता येते.

२

या परंपरेचा आरंभ फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'क्रिस्तपुराणा'पासून होतो. १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापल्या गेलेल्या या ओवीबद्ध ग्रंथामागील निमित्त ग्रंथातच आले आहे. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची पूर्वीची पुराणे सुटली होती आणि त्यांच्या जागी वाचायला, ऐकायला त्यांच्यापाशी काही नव्हते. श्रद्धा बदलली की देवाचे नाव बदलते आणि त्याबरोबर संध्याकाळचे वाचन, सणाचे गाणे, मयताच्या घरी दहा दिवस चालणारी पोथी हे सारेच नाहीसे होते. ही पोकळी कोरड्या धर्मोपदेशाने भरून निघत नाही हे स्टीफन्स यांनी ओळखले. ज्या लयीत लोकांनी पिढ्यान् पिढ्या रामाचे आणि कृष्णाचे दुःख ऐकले होते, त्याच लयीत त्यांनी क्रूसाच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या मातेचे दुःख ऐकवले. सांत्वनाला ओळखीचा स्वर लागतो, हा या परंपरेचा पहिला धडा होय.

एकोणिसाव्या शतकात मिशनांच्या छायेत वाढलेल्या मराठी ख्रिस्ती लेखनात हा धडा काही काळ विसरला गेलेला दिसतो. बाबा पदमनजी यांची 'यमुनापर्यटन' ही १८५७ ची कादंबरी विधवांच्या हालअपेष्टांचे चित्र तळमळीने रेखाटते. तिची नायिका स्वतःही वैधव्याच्या आघातातून जाते. मात्र या कादंबरीत सांत्वन युक्तिवादाच्या रूपाने येते. दुःखी स्त्री प्रश्न विचारते, श्रद्धावान व्यक्ती उत्तर देते आणि ते उत्तर पटले की अश्रू थांबावेत अशी अपेक्षा असते. समाजसुधारणेच्या इतिहासात या कादंबरीचे स्थान अढळ आहे. प्रार्थनेच्या भाषेच्या दृष्टीने मात्र तीत बोलणारा देवाकडे तोंड करून क्वचितच उभा राहतो, त्याचे तोंड बहुधा वाचकाकडे असते. त्याच काळात चर्चमध्ये गायिली जाणारी अनेक गीते इंग्रजी गीतांची भाषांतरे होती. त्यांची वृत्ते आणि चाली मराठी कानाला परक्या वाटत. नगरकडे कृष्णराव सांगळे यांनी कीर्तनाचा साचा ख्रिस्ती कथेसाठी वापरला, तेव्हा खेड्यापाड्यांतल्या श्रोत्यांना त्या कथेत पुन्हा आपला सूर सापडला. पुढे टिळकांनी जे केले त्याची पूर्वतयारी अशी झाली होती.

३

पंडिता रमाबाईंचे जीवन ही संकटांची अखंड मालिका होती. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरणारे विद्वान ब्राह्मण होते. १८७४ च्या सुमारास दक्षिणेतल्या दुष्काळात अन्नान्नदशा होऊन काही महिन्यांच्या अंतराने आईवडिलांचा अंत झाला. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास गेला. विवाहानंतर दोन वर्षेही पुरी होत नाहीत तोच, फेब्रुवारी १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने मरण पावले. पदरी मनोरमा ही तान्ही मुलगी होती. पुढल्याच वर्षी त्या इंग्लंडला गेल्या. तेथे त्यांच्याबरोबर गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केली. त्याच वर्षी, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

इतके आघात सोसलेल्या स्त्रीला नव्या धर्माने तत्काळ शांती दिली असती तर ते स्वाभाविक वाटले असते. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मनिवेदनात रमाबाईंनी मात्र तसे लिहिलेले नाही. आपल्याला आधी धर्म मिळाला आणि ख्रिस्त नंतर मिळाला, असा भेद त्या करतात. बाप्तिस्मा आणि मनाची शांती यांच्यामध्ये सुमारे आठ वर्षांचे अंतर होते. धर्मांतराच्या प्रचारी कथेत न बसणारी ही कबुली रमाबाईंच्या गद्याचे बळ आहे. सांत्वनाला लागलेला वेळ त्या लपवत नाहीत. वडिलांच्या अखेरच्या दिवसांचे त्यांनी केलेले वर्णन याच दृष्टीने वाचण्यासारखे आहे. उपासमारीने थकलेले वृद्ध शास्त्री जलसमाधीचा विचार करतात, तेव्हा मुलगा मोलमजुरी करण्याची तयारी दाखवून त्यांना परावृत्त करतो आणि मरणापूर्वी ते आपल्या धाकट्या मुलीला देवाच्या हाती सोपवतात. ख्रिस्ती झालेली कन्या कित्येक वर्षांनी हा प्रसंग लिहिते तेव्हा हिंदू पित्याची ती प्रार्थना खोटी ठरवत नाही. आपल्या पुढील आयुष्यात ती फळाला आली, असेच तिला वाटते. धर्म बदलूनही प्रार्थनेचा धागा तुटला नाही याची ही नोंद आहे.

१८९६-९७ च्या दुष्काळाचे वृत्त आले तेव्हा रमाबाईंच्या मनात हेच जुने दिवस जागे झाले. मध्य प्रांतातून त्यांनी आणलेल्या सुमारे तीनशे मुलींमुळे केडगावच्या मुक्तिसदनाला आकार आला. या कार्यावर 'अन्नासाठी धर्म' हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि आजही घेतला जातो. त्या आक्षेपाला केवळ रमाबाईंच्या सचोटीचा दाखला देऊन भागत नाही. भुकेल्या मुलाला ज्या दारात भाकरी मिळाली त्या दारातला देव त्याने स्वीकारला, तर त्या स्वीकारात स्वातंत्र्य किती, हा प्रश्न रास्त आहे. मात्र त्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ख्रिस्ताने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत रोजची भाकर मागितलेली आहे. त्या प्रार्थनेने भूक आणि भक्ती यांना वेगळ्या पंगतीला बसवलेले नाही. पोट भरलेल्या माणसाची प्रार्थना निर्मळ आणि उपाशी माणसाची संशयास्पद, हा निकष लावायचा झाला तर दुष्काळात दिवाळे निघालेल्या, अन्नावाचून बायको गमावलेल्या तुकोबांची आर्तताही तपासून घ्यावी लागेल.

१९०५ साली मुक्तिसदनात प्रार्थनेची जी लाट उसळली तिची वर्णने उपलब्ध आहेत. शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करीत, रडत, पापांची कबुली देत. कोणी याला आत्म्याचा अभिषेक म्हटले, तर कोणी सामूहिक भावनोद्रेक. आणखी एक अर्थ संभवतो. या मुलींपैकी अनेकींची माणसे वाटेवर, दुष्काळी छावणीत किंवा ओस पडलेल्या गावात मेली होती. त्यांच्यासाठी कोणी सुतक पाळले नव्हते, कोणी हंबरडा फोडला नव्हता. जगण्याच्या धडपडीत राहून गेलेला शोक पुष्कळ वर्षांनी, सुरक्षित छपराखाली, सगळ्यांच्या बरोबरीने रडण्याची मुभा मिळताच बाहेर पडला असणे अशक्य नाही. असे असेल तर तेथील प्रार्थनेने शोक शमवण्याआधी त्याला प्रथम वाट करून दिली, असे म्हणावे लागते.

रमाबाईंचे शेवटचे मोठे काम म्हणजे बायबलचे भाषांतर. मूळ हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून त्यांनी ते साध्या मराठीत उतरवले आणि ते मुक्तिसदनाच्या छापखान्यात छापले गेले. संस्कृतवर असामान्य प्रभुत्व असलेल्या या विदुषीने संस्कृतप्रचुर शब्द जाणीवपूर्वक टाळले. खेड्यातल्या बाईला वाचता यावे आणि वाचलेले तोंडी यावे, हा त्यामागील हेतू होता. हे भाषांतर मराठी मंडळींत फारसे रुळले नाही. त्यातील वाक्यांना मूळ भाषांशी इमान राखताना मराठी लय सांभाळता आलेली नाही. तरीही या कामाच्या अखेरीची वर्षे लक्षात ठेवली पाहिजेत. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. एकुलत्या एक मुलीच्या मृत्यूनंतर त्यांनी विलापिका लिहिली नाही. त्या भाषांतराची उरलेली पाने पुरी करीत राहिल्या. रमाबाईंच्या बाबतीत प्रार्थना हळूहळू कामात विरघळत गेली. त्यांचे सांत्वन शोधायचे तर ते भावोद्गारांत सापडणार नाही, त्या पूर्ण झालेल्या पानांतच शोधावे लागेल.

४

नारायण वामन टिळकांचा मार्ग याहून वेगळा होता. ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे जन्मलेला हा कवी 'फुलामुलांचा कवी' म्हणून मराठी वाचकाला परिचित आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरचे आयुष्य मुख्यतः नगरला अमेरिकन मराठी मिशनच्या सहवासात गेले. १९१२ पासून अखेरपर्यंत 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे होते. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' या कल्पनेला वाहून घेतले आणि ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे त्यांचे सांगणे होते.

हे सांगणे रूपकापुरते नव्हते. भाषांतरित गीतांच्या परक्या चालींऐवजी टिळकांनी अभंग, पद, भजन हे घाट स्वीकारले. ख्रिस्ताला त्यांनी माउली म्हणून, सद्गुरू म्हणून हाक मारली. विरह, ध्यास, शरणागती, अद्वैतानुभव हा वारकरी भक्तीचा सारा भावक्रम त्यांनी ख्रिस्ताभोवती गुंफला. मराठी ख्रिस्ती उपासनेत त्यांची गीते आजही गायिली जातात, याचे कारण केवळ त्यांतील धर्मतत्त्वात नाही. जातीने टाकलेल्या, नातेवाइकांनी दार लावून घेतलेल्या माणसाला त्यांनी मातृभाषेतली हाक परत मिळवून दिली. स्टीफन्स यांनी परकीय असून ओळखलेली गरज टिळकांनी आतून, स्वतःच्या एकाकीपणातून ओळखली.

तथापि टिळकांच्या प्रार्थनागीतांची एक मर्यादा स्पष्टपणे नोंदवली पाहिजे. त्यांत दुःख बहुधा निवलेल्या अवस्थेत येते. संकटाचा उल्लेख पहिल्या चरणात झाला की पुढल्या चरणांत शरणागतीची तयारी दिसू लागते आणि शेवटाला तृप्ती ठरलेली असते. तुकोबा विठ्ठलाशी भांडतात, त्याला दिवाळखोर ठरवतात, त्याचे देणे चारचौघांत मागतात. बायबलमधील स्तोत्रसंहितेतही तक्रारीच्या स्तोत्रांची संख्या मोठी आहे. ईयोब तर देवालाच जाब विचारतो. खुद्द ख्रिस्ताची गेथशेमानेतील प्रार्थना हा कडू प्याला टळावा या विनवणीने सुरू होते आणि पित्याच्या इच्छेला मान देण्यापूर्वी ती विनवणी पुन्हा पुन्हा होते. दोन्ही परंपरांत उपलब्ध असलेला हा भांडणाचा अधिकार टिळकांनी फार थोडा वापरला. त्यांचा स्वभाव उत्कट होता, कोपिष्टही होता. तो कोप त्यांच्या अभंगांत उतरत नाही.

याचे एक कारण टिळकांच्या चरित्रात शोधता येते. १८९५ च्या त्या दिवसाने टिळकांच्या मनाचा दीर्घ शोध संपवला. त्यांना हवे होते ते मिळाले. त्या दिवसाचा जो आघात होता तो दुसऱ्याच माणसावर झाला होता. त्यामुळे टिळकांचे अभंग एकटे वाचून चालत नाही. त्यांच्या शेजारी त्यांच्या पत्नीचे गद्य ठेवावे लागते.

५

लक्ष्मीबाई टिळक यांचा जन्म १८६८ चा. बारा वर्षांच्याही झाल्या नव्हत्या तेव्हा त्यांचे लग्न झाले. शिक्षण म्हणावे असे काही नव्हते. पतीच्या बाप्तिस्म्याचे वृत्त त्यांना नंतर कळले. त्या एका वृत्ताने नवरा जिवंत असून त्यांची अवस्था धड सवाष्ण नाही, धड विधवा नाही अशी झाली. लहानग्या दत्तूला घेऊन त्यांनी नाशिकला, पंढरपूरला आप्तांच्या आश्रयाने चार-साडेचार वर्षे काढली. शोकाने त्यांची शुद्ध हरपण्याची वेळ आली होती. १८६६ च्या कायद्याने, पत्नी नांदायला येण्यास तयार नसेल तर धर्मांतरित पतीला विवाह रद्द करून घेण्याची सोय होती. टिळकांनी ती वापरली नाही, ते वाट पाहत राहिले आणि पत्रे लिहीत राहिले. त्यांच्या बाजूने हे मोठेपण खरे आहे. परंतु त्यांना मिळालेल्या शांतीचे मोल त्या काळात दुसऱ्याच घरी, दुसऱ्याच्या डोळ्यांतून वसूल होत होते हेही तितकेच खरे आहे.

'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध होऊ लागली आणि तिचा अखेरचा भाग २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाईंचे निधन झाल्यानंतर आला. मराठीतील एक श्रेष्ठ आत्मचरित्र म्हणून या ग्रंथाची कीर्ती आहे. विजया मेहता यांनी त्यावर चित्रपट केला, तर २०१७ साली शांता गोखले यांचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला. ग्रंथाच्या विनोदाची, सरळ बोलीची वाखाणणी पुष्कळ झाली. प्रार्थनासाहित्य म्हणून त्याच्याकडे फारसे पाहिले गेले नाही, कारण त्यात रूढ अर्थाची प्रार्थना थोडी आहे. तरीही संकटातून सांत्वनाकडे माणूस कसा जातो याचा मराठी ख्रिस्ती लेखनातला सर्वांत विश्वसनीय वृत्तान्त येथेच मिळतो.

लक्ष्मीबाई पतीकडे परत आल्या त्या ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे, संसारासाठी. नगर जिल्ह्यात आल्यावरही त्यांचे सोवळेओवळे, वेगळी चूल, वेगळे पाणी चालूच होते. ज्या घरात त्या वाढल्या तेथे वडिलांचे सोवळे पराकोटीला गेलेले होते आणि त्याचा काच बायकामुलांनी सोसला होता. 'स्मृतिचित्रे'च्या आरंभीच्या प्रकरणांत त्या सोवळ्याची हकिकत हसत हसत येते. वाचक हसतो आणि पुढे त्याच हकिकतीचा अर्थ त्याला वेगळा जाणवू लागतो. कारण लक्ष्मीबाईंच्या अंतःकरणातली पहिली गाठ सुटली ती ख्रिस्ताच्या देवत्वाच्या प्रश्नावर नव्हे, जातिभेदाच्या प्रश्नावर. माणसांतला हा भेद देवाने केलेला नाही, माणसाने केलेला आहे, असे त्यांच्या मनाने घेतले आणि इतरांच्या हातचे पाणी त्यांना चालू लागले. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा.

या क्रमाला वाङ्मयीन दृष्ट्याही महत्त्व आहे. टिळकांच्या अभंगांत भक्त आणि ख्रिस्त असे दोघेच असतात, बाकी जग धूसर होते. लक्ष्मीबाईंच्या लेखनात देवाकडे जाणारी वाट स्वयंपाकघरातून, पाण्याच्या घागरीवरून, शेजारणीच्या उंबऱ्यावरून जाते. त्यांना मिळालेला दिलासा शेजारच्या माणसाला वगळून मिळालेला नाही. म्हणून तो मिळाल्यानंतर त्यांची पुढची पावले प्लेगच्या आजाऱ्यांकडे, पोरक्या मुलांकडे, घरी येऊन राहिलेल्या तरुण कवीकडे वळतात. बालकवी ठोमरे यांना टिळकांच्या घरी जी माया मिळाली तिची हकिकत मराठी साहित्याच्या इतिहासाचा भाग झाली आहे. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ आगगाडीखाली सापडून बालकवींचा अंत झाला आणि वर्षभराने टिळकही गेले. अशा आघातांविषयी लिहिताना लक्ष्मीबाई देवाच्या योजनेचा खुलासा देत बसत नाहीत. कोण आले, कोणी काय सांगितले, कोणाला अन्न गोड लागले नाही, असे त्या लिहितात. शोकाच्या घरात खऱ्या अर्थाने उपयोगी पडणारी शेजारीण जसे बोलते तसे हे गद्य आहे.

त्यांचा विनोदही या संदर्भात समजून घेतला पाहिजे. स्वतःच्या अज्ञानावर, पतीच्या विसराळूपणावर आणि अव्यवहारी दानशूरपणावर त्या हसतात. रागाला त्यांनी आपल्या लेखनातून हद्दपार केलेले नाही. नवऱ्यावरचा राग, त्याने न सांगता घेतलेल्या निर्णयाचा सल, घरात उद्यासाठी काही नसताना त्याने दिलेल्या दानाचा वैताग, हे सारे पानोपानी आहे. टिळकांच्या अभंगांत न आलेला भांडणाचा अधिकार पत्नीने गद्यात बजावला, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये. ज्या नात्यात भांडता येते त्याच नात्यात क्षमेला अर्थ असतो. 'स्मृतिचित्रे'मधील क्षमा स्वस्त वाटत नाही, कारण तिचा हिशेब वाचकाच्या डोळ्यांसमोर मांडलेला आहे.

६

प्रार्थना हे दुःखावरचे गुंगीचे औषध आहे, हा आधुनिक काळातला आक्षेप या तीन लेखकांना सारखाच लागू पडत नाही. टिळकांच्या काही गीतांत हा धोका निश्चितच आहे. जेथे दुःखाचे नाव घेताच ते विरून जाते, तेथे वाचकाला सांत्वनाऐवजी सांत्वनाची सवय मिळते. रमाबाईंनी प्रार्थनेला दीर्घ विलंब आणि दीर्घ श्रम यांची जोड दिली, त्यामुळे त्यांच्याबाबतीत हा आक्षेप टिकत नाही. मात्र त्यांच्या लेखनात खाजगी शोक इतका आवरलेला असतो की, त्याचा आवाज वाचकाने स्वतःच ऐकून घ्यावा लागतो. लक्ष्मीबाईंपाशी दुःख आणि दिलासा दोन्ही एकाच बोलीत नांदतात आणि एकाने दुसऱ्याला गप्प केलेले नसते.

यावरून या साहित्यासाठी एक कसोटी सुचते. सांत्वन मिळाल्यानंतरही दुःख आपल्या नावागावासह शब्दांत शिल्लक राहते का, आणि बोलणाऱ्याच्या शांतीसाठी ज्यांना झळ लागली त्यांची नोंद त्या शांतीने ठेवली आहे का? या दोन प्रश्नांना होकार देणारी प्रार्थना श्रद्धेच्या वर्तुळाबाहेरच्या वाचकालाही आपलीशी वाटू शकते. पंढरीचा अभंग वारीला न गेलेल्याला जसा पोचतो तसाच. ही कसोटी ख्रिस्ती लेखनापुरती नाही. मराठीतील कोणत्याही भक्तिकाव्याला ती लावून पाहता येईल आणि तशी लावली तर काही प्रस्थापित प्रतिष्ठांचा फेरविचारही करावा लागेल.

टिळकांनी आयुष्याच्या उत्तरार्धात 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य हाती घेतले होते. त्याचे थोडेच अध्याय लिहून झाले आणि त्यांचे निधन झाले. पुढील बहुतांश अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. ज्या बाईला लिहिणे-वाचणे नवऱ्याने शिकवले, जिला त्याच्या धर्माने एकदा देशोधडीला लावले, तिने त्याच्या मागे त्याचा अर्धा राहिलेला ग्रंथ पुढे चालवला. या अध्यायांत काव्यगुण सर्वत्र सारखे नाहीत आणि 'स्मृतिचित्रे'ची सहजता तर त्यांत क्वचितच आहे. पण हे काम वर्षानुवर्षे चालले. त्या काळात ख्रिस्ताच्या यातनांची कथा एक विधवा रोज थोडी थोडी आपल्या भाषेत लिहीत होती. 'ख्रिस्तायन' वाचणाऱ्या अभ्यासकाने त्यातील हस्तांतराची जागा शोधून तेथे थोडे थांबावे. टिळकांचा आवाज जेथे संपतो आणि लक्ष्मीबाईंचा सुरू होतो, त्या जागी एका घराचा सगळा शोक आणि त्यावरचा सगळा दिलासा कोणत्याही स्पष्टीकरणावाचून एकत्र आलेला आहे.